बुजरा कुत्रा माणसांत धीट कसा करावा?

तुमचा दीड वर्षाचा कुत्रा घरच्यांशी मजेत खेळतो, पण पाहुणे आले की पलंगाखाली शिरतो. पाहुण्यांच्या हातून खाऊ दिला तर भीड चेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

हातून नको. आमची कुत्री ठमी, तिच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं आणि सहा महिने वाया घालवले.

व्हायचं असं, की पाहुण्याच्या तळहातावर चिकनचा तुकडा असायचा. ठमी मागचे पाय जागेवर रोवून नुसती मान लांबवायची आणि तुकडा उचलायची. तो गिळला की तिच्या ध्यानात यायचं, आपण अनोळखी माणसाला अगदी खेटून उभ्या आहोत. मग दचकून मागे पळायची. आम्ही मात्र ‘घेतला, घेतला!’ म्हणून खूश. एकदा त्याच क्षणी पाहुण्याने कौतुकाने तिच्या डोक्याकडे हात नेला आणि तिने दात लावले. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. चूक शंभर टक्के माझी होती, कारण भुकेच्या ओढीने ती जिथवर गेली, तिथवर तिला जायचंच नव्हतं.

नंतर एका प्रशिक्षकाने उलटं करायला सांगितलं: खाऊ कुत्र्याच्या मागे टाकायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण करून बघा. खाऊ घ्यायला तो वळून लांब जातो, म्हणजे त्याला खाऊही मिळतो आणि सुटकाही. खाऊन झालं की बहुतेकदा तो स्वतःच वळून बघतो, एखादं पाऊल पुढे येतो. पुन्हा मागे टाका. किती जवळ यायचं ते तो ठरवतो. टाकताना हात उगारू नका, बसल्या जागेवरून मनगटाने सरपटत सोडा. बुजऱ्या कुत्र्याला वर गेलेला हात मारायलाच उठलाय असं वाटतं. सुरुवातीला तर तुम्हीच टाका. पाहुण्याने जरा बाजूला वळून बसावं, कुत्र्याकडे बघू नये, बोलावू नये. (‘मला सगळे कुत्रे आवडतात’ म्हणत थेट अंगावर जाणारे पाहुणे सगळ्यात अवघड. त्यांना आधी फोनवरच बजावून ठेवा.)

क्रमही सांभाळा: आधी माणूस दिसावा, मग खाऊ यावा. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना घंटा वाजली की खाणं येणार हे कळलं होतं, तसं इथे माणूस म्हणजे घंटा. तुम्ही आधीच पिशवी खुडखुडवली आणि मग दार उघडलं, तर उलटाच धडा मिळतो. आमची ठमी काही दिवस चिकनचा डबा उघडला की पळून जायची!

आवडता खाऊही तोंडात घेत नसेल तर अंतर कमी पडतंय, माणसाला लांब बसवा. झोप आलेली नसताना जांभई, सारखं नाक चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं ही भीतीचीच लक्षणं. आणि ‘बघा, किती शांत बसलाय’ यावर विश्वास ठेवू नका. अंग ताठ, शेपूट पायांत, श्वास रोखलेला असेल तर तो थिजलाय. गुरगुरला तर ओरडू नका; गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी सूचना न देता चावण्याची शक्यता वाढते. जवळ येऊन बिलगला तर खुशाल थोपटा, लाड केल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

पिल्लाचं माणसांशी सहज जुळण्याचं वय साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असतं. तुमच्या कुत्र्याचं ते केव्हाच सरलंय, त्यामुळे वेळ लागेल, कदाचित महिने. भीती अचानक वाढली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कान, दात किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रा माणसं टाळतो. फारच घाबरत असेल तर औषधांचंही विचारा, त्यात कमीपणा नाही.

ठमी आता पाच वर्षांची आहे. परवा नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या बुटांचा तिने निवांत वास घेतला आणि आपल्या जागी जाऊन पडली. हात लावू दिला नाही, मीही आग्रह केला नाही. पलंगाखालची जागाही अजून तिचीच आहे. तुमच्या कुत्र्याचीही राहू द्या; तिथून त्याला कुणी ओढून काढायचं नाही आणि पाहुण्यांच्या मुलांनी तिथे डोकवायचंही नाही.