नळीला कोटिंग केलं की चिंदी सुटते का?

सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. आता नागपुरात मानेवाड्याला असतो आणि परवानाधारक वाचकांच्या शंका संपादक माझ्याकडे धाडतात. यावेळच्या तिन्ही शंका नळीच्या आतल्या भागाबद्दल आहेत, म्हणून एकत्र घेतो. पहिलीला जागा जास्त लागणार.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची .३१५ बोरची रायफल आहे, परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. स्पर्धेच्या हौसेपायी एक .३०-०६ नवी घेतली. पुण्याचा भाचा म्हणतो, नळीच्या आतून लावायचं सिरॅमिक कोटिंग मिळतं, ते एकदा लावलं की तांबं चिकटत नाही, नळी पुसायचं कामच उरत नाही. दोन्हींना लावून घेऊ का? खर्चाचा प्रश्न नाही. (एक शेतकरी वाचक, कळमेश्वर)

उत्तर : खर्चाचा प्रश्न नसला तरी दोन्हींना नको. .३०-०६ ला हौस असेल तर लावा. .३१५ ला लावू नका.

भाच्याची अर्धी गोष्ट खरी आहे. नळीत कीट दोन जातीचं बसतं. एक बारुदाची काजळी. दुसरं तांबं. गोळीच्या शिशावर जे आवरण असतं ते साधारण ९५ टक्के तांबं आणि बाकी जस्त अशा मिश्रधातूचं. नळी बाहेरून कितीही गुळगुळीत दिसो, आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, पाडताना हत्याराचे बारीक ओरखडे राहतातच. गोळी त्यावरून घासत जाते आणि तांब्याचा कीस मागे सोडते. पुढचा बार काजळी टाकतो, त्यापुढचा पुन्हा तांबं. असे थरावर थर चढतात. म्हणूनच नुसत्या तांबं विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने नळी साफ निघत नाही. वर काजळी बसलेली असली तर सॉल्व्हंट खालच्या तांब्यापर्यंत पोचतच नाही. आधी काजळी, मग तांबं, मग परत काजळी, असं आलटून पालटून काढावं लागतं.

कोटिंगचं काम हे ओरखडे बुजवण्याचं. थर अगदी पातळ असतो. तो नीट बसला की तांब्याला धरायला जागा कमी मिळते आणि जे चिकटतं तेही लवकर सुटतं. जिथे ब्रश घेऊन तासभर बसायचो तिथे नळी पुसायच्या कापडाच्या चार-सहा चिंद्यांत भागतं. स्पर्धेत दिवसभर बार काढणाऱ्याला याचा फायदा आहे, मी नाही म्हणणार नाही. पण काजळी पडायची ती पडतेच. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या पुढे, जिथून आटे सुरू होतात, तिथली झीज तांब्याने होत नाही, पेटलेल्या वायूच्या आचेने होते. त्या आचेपुढे पोलाद हळूहळू भाजून तडकतं, तिथे वरच्या थराचा काय टिकाव लागणार? तेव्हा नळीचं आयुष्य वाढेल म्हणून कुणी विकत असेल तर त्याच्याकडून नका घेऊ. साफसफाईची मेहनत वाचते म्हणून विकत असेल तर ऐकून घ्या.

अमेरिकेत १९९०च्या दशकात गोळीलाच मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा काळा लेप द्यायचं वेड आलं होतं. हेतू हाच, घासणं कमी करायचं. पुढे बऱ्याच जणांनी ते सोडलं, कारण तो लेपच आट्यांच्या सुरुवातीला साचायला लागला आणि काढता काढता पुरेवाट व्हायची. हल्ली तिथले हौशी लोक बोरॉन नायट्राइड वापरतात, ते पांढरं असतं आणि हात काळे होत नाहीत. आपल्याला दोन्ही कामाचं नाही. आपण कारखान्याची काडतुसं येतात तशी वापरतो.

आता .३०-०६ ला लावायचंच ठरलं तर खरी मेहनत लावण्याच्या आधी आहे. नळी उघड्या पोलादापर्यंत साफ हवी. नवी आहे म्हणून साफ आहे असं समजू नका, कारखान्यात चाचणीचे बार निघालेले असतात. अमोनियाचं सॉल्व्हंट लावलेली चिंदी नळीतून काढा आणि उजेडात धरा. कडेला निळसर-हिरवी झाक आली तर तांबं आहे. शाळेतल्या मोरचुदाचा रंग आठवा, तोच. झाक येईनाशी होईपर्यंत चालू ठेवायचं. इथे एक फसगत होते. सफाईच्या दांड्याच्या टोकाचा जॅग, म्हणजे चिंदी धरणारा तुकडा, पितळी असेल तर सॉल्व्हंट त्यातलंच तांबं खातं आणि नळी स्वच्छ झाली तरी चिंदी निळीच येत राहते. माणूस बिचारा घासत बसतो. खात्री करायची तर सॉल्व्हंटचा एक थेंब थेट जॅगवर टाकून चिंदीने टिपून बघा. निकेलचा किंवा प्लास्टिकचा जॅग घेतला की कटकट मिटते. सॉल्व्हंट डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.

त्यानंतर तेलाचा अंश घालवायचा आणि नळी कोमट करून कोटिंग चढवायचं. गरम करायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवली तर फुकटात काम होईल, पण रायफल ही गच्चीवर वाळत घालायची वस्तू नाही. पापड घाला. बाकीच्या पायऱ्या ज्या कंपनीचं कोटिंग घ्याल तिच्या कागदावर असतील तशाच करा, माझ्या किंवा भाच्याच्या डोक्याने नको.

वडिलांच्या .३१५ बद्दल. ही रायफल ली-एनफिल्डच्या बांधणीवर बेतलेली आहे आणि त्या पिढीच्या नळ्यांची दुखणी मी भरपूर पाहिलीत. जुन्या काळी काडतुसाच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं मीठ होऊन नळीत बसायचं आणि हवेतली ओल ओढायचं. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून .३०३ रायफलीच्या जमान्यात फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. ती ज्यांनी पाळली नाही त्यांच्या नळ्यांना आतून देवीचे व्रण असतात. अशा नळीवर कोटिंग म्हणजे गंजलेल्या फाटकावर ऑइलपेंट. खड्डे तसेच राहणार, त्यात कीट तसंच साचणार.

तिची पहिली तपासणी मझलला, म्हणजे नळीच्या तोंडाला करा. पुलथ्रूची, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की नळीच्या तोंडाला एका बाजूने घळ पडते. मातीचे कण अडकलेली सुती दोरी पोलाद कापते, हे नवख्याला पटत नाही. घळ दाखवली की पटतं. आमच्याकडे ही झीज एवढी नेहमीची होती की तिला ‘कॉर्ड वेअर’ असं नावच होतं. गोळी ज्या कडेवरून नळी सोडते ती कड एका बाजूने खाल्लेली असेल तर निशाण लागणार नाही, मग आत सोनं मढवा. मझल सुरेख असेल तर दोरी ठेवून द्या आणि अखंड दांडा घ्या. बोल्ट मागे ओढा, बोल्टहेड (त्याचं पुढचं टोक) वर फिरवा, बोल्ट बाहेर येतो. आता दांडा मागून पुढे, म्हणजे गोळी जाते त्याच दिशेने घाला. ब्रश पितळी किंवा ब्राँझचा, स्टीलचा नाही. हाच बोल्ट परत याच रायफलीत, हे सांगायला नको, पण दोन रायफली शेजारी उघडून बसलात तर सांगायला हवं.

शेवटी ओलीचं. कळमेश्वरात आषाढ-श्रावण सांभाळाल, ते सगळेच सांभाळतात. रायफल गंजते ती कूलरच्या खोलीत! मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठाक, आणि आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून कूलर दिवसभर लावतो. त्याच खोलीत कपाट, कपाटात रायफल, तीही चामड्याच्या म्यानात. चामडं ओल धरून ठेवतं. म्यान फक्त प्रवासापुरतं. घरी उघडी, तेलाचा हलका हात दिलेली, कुलुपात, कूलर नसलेल्या खोलीत. नळीत तेल ठेवलं असेल तर बार काढण्याआधी कोरडी चिंदी फिरवा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते, आणि तेल जास्त असेल तर दाब वाढून नळीला धोकाही होतो.

प्रश्न : सैन्याच्या रायफलींना आतून क्रोम असतो असं वाचलं. माझ्या ओळखीत हिंगणा एमआयडीसीत हार्ड क्रोम करणारे आहेत, हायड्रॉलिकचे रॉड करतात. रायफलीची नळी त्यांच्याकडून करून घेता येईल का? (एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : नाही. हत्याराची दुरुस्ती किंवा त्यावर काम करायचा परवाना ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात रायफल देणं १९५९च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. देणाराही अडकतो, घेणाराही.

कायदा बाजूला ठेवला तरी हे होणारं काम नाही. रॉडला क्रोम बाहेरून चढतो. नळीच्या आत चढवायचा तर आधी नळी तेवढी मोठी ठेवावी लागते, नाहीतर क्रोमच्या जाडीने बोर अरुंद होतो आणि दाब चढतो. सैन्याच्या नळ्या पहिल्यापासून तो हिशोब धरूनच घडवतात. शिवाय थर सगळीकडे सारखा बसायला हवा, एक बाजू जाड झाली की निशाण गेलं. अचूक नेमबाजीच्या नळ्यांना बहुधा क्रोम नसतो तो म्हणूनच.

क्रोम चांगलाच, वाद नाही. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीच्या नळीला तो आहे. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीला सुरुवातीला नव्हता आणि व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजून रिकामी काडतुसं आत अडकायची. बारूद बदलल्याचाही त्यात वाटा होता, पण चेंबरला क्रोम आल्यावर बराच फरक पडला. तो कारखान्यातून येतो. बाप्पा, नळी घेऊन एमआयडीसीत फिरू नका.

प्रश्न : मुलगी ५० मीटरला .२२ चालवते. एक प्रशिक्षक म्हणतात रोज साफ कर, दुसरे म्हणतात हातच लावू नको. तिला कोटिंगचा उपयोग होईल का? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर : ताई, कोटिंग नको. ते तांब्यावरचं औषध आहे, आणि .२२ च्या सामन्याच्या गोळीला तांबं नसतंच. ती उघड्या शिशाची असते, वर मेणासारखं वंगण. काही बार झाले की त्या वंगणाचा एक सारखा थर नळीत बसतो आणि मग गोळ्या एका जागी जमतात. लखलखीत साफ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या विखुरतात. दुसरे प्रशिक्षक म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे.

पण हातच लावू नको हेही खरं नाही. चेंबर जिथे संपतं तिथे काजळीचं कडक कडं धरतं आणि काडतूस बसताना अडल्यासारखं वाटायला लागतं. मुलीला विचारा, तिच्या बोटांना ते तुमच्या-माझ्या आधी कळलेलं असेल. सरावानंतर मऊ सॉल्व्हंटची एक-दोन चिंदी आणि मागोमाग कोरडी, एवढं रोजचं पुरे. ब्रश त्या कड्यापुरता, तोही अधूनमधून. दांडा बोअर-गाइडमधूनच, म्हणजे त्याला सरळ राखणाऱ्या नळकांड्यातूनच घालायचा, .२२ ची नळी गोळ्यांनी झिजायला फार काळ लागतो, वेड्यावाकड्या दांड्याने लवकर झिजते. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री पूर्ण सफाई करू देऊ नका. करायचीच झाली तर दोन दिवस आधी करा आणि मधल्या सरावात नळीला तिचा थर परत धरू द्या. दहा मीटरच्या एअर रायफलला यातलं सॉल्व्हंट अजिबात लावू नका, सील खराब होतात. तिला फेल्टच्या कोरड्या गोळ्या मिळतात, त्या पुरतात.