गर्भस्राव, गर्भपात, गर्भसमापन

प्रश्न असा आहे: बातम्यांत कधी ‘गर्भपात’ असतं, कधी ‘वैद्यकीय गर्भसमापन’, तर काही जण सरसकट ‘भ्रूणहत्या’ म्हणतात. यांत फरक काय? आणि कायद्यातले 24 आठवडे म्हणजे कितवा महिना?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो ‘स्राव’, आणि शरीर घट्ट झाल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर तो ‘पात’, असा भेद केला आहे. म्हणजे काळाची रेघ या शब्दांत आधीपासूनच होती. पुढे मराठीत ‘गर्भस्राव’ वैद्यांपुरता उरला आणि सगळा भार ‘गर्भपाता’वर आला. आता आपोआप झाला की करवून घेतला, हे क्रियापदावरूनच कळतं.

‘गर्भसमापन’ हा 1971च्या वैद्यकीय गर्भसमापन कायद्यामुळे रुळलेला शब्द. 1860च्या दंडसंहितेत गर्भपात घडवणं हा गुन्हा होता, स्वतः बाईलाही त्यात शिक्षा होती, आणि पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ती तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढत असे. त्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 88मध्ये हे आजही आहे. गुन्ह्यातून सूट देणाऱ्या 1971च्या कायद्याला वेगळा शब्द सोयीचा ठरला. पण सूट कोणाला? त्या कायद्यातलं मुख्य वाक्य वाचा: अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. ‘बाईला हक्क आहे’ अशी वाक्यरचनाच तिथे नाही. मला हे फार खुपतं, कारण पुढची सगळी ‘परवानगी’ची भाषा इथूनच आली आहे. प्रत्यक्षात सज्ञान बाईला नवऱ्याची किंवा सासरची परवानगी लागत नाही. कायद्याला हवी असते ती तिची स्वतःची संमती. बातमी लिहिताना ‘परवानगी’ आणि ‘संमती’ हे शब्द एकमेकांच्या जागी घालू नका.

‘भ्रूणहत्या’ हा शब्द कायदेशीर गर्भपाताला वापरूच नये. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या चळवळीत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द घरोघरी गेला. ती चळवळ मोलाची होती, 1988मध्ये महाराष्ट्राने त्यावर देशात सर्वांत आधी कायदा केला. पण शब्दाचा मागचा अर्धा भाग सुटा झाला आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला चिकटला. ‘स्त्रीभ्रूणहत्ये’त गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि निवडण्याचा, म्हणून ‘गर्भलिंगनिवड’ हाच शब्द नेमका आहे.

आता महिने. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ राहण्याच्याही साधारण दोन आठवडे आधीपासून. आपल्याकडे बाई सांगते, ‘पाळी चुकून दोन महिने झाले.’ पाळी नियमित असेल तर डॉक्टरांच्या हिशेबाने तिचे बारा आठवडे उलटलेले असतात. 24 आठवडे म्हणजे 168 दिवस, साधारण साडेपाच महिने. बोलीत ‘सहावा चालू आहे’. त्यामुळे ‘सहा महिन्यांपर्यंत चालतं’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. गर्भसमापन कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण मर्यादा 20 आठवड्यांची आहे. 24 पर्यंतची सवलत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा ठरावीक स्त्रियांना आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि बाईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची अटच नाही. व्यंग दाखवणारी सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत होते, म्हणजे रिपोर्ट हातात येईतो मर्यादा दाराशी आलेली असते. अशीच एक बाई 32 आठवडे उलटल्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. मंडळाचा नकार होता. जानेवारी 2023मध्ये न्यायालयाने सांगितलं की निवड करण्याचा हक्क तिचा आहे, मंडळाचा नाही. कायद्यात हरवलेला कर्ता इथे सापडतो.

‘गर्भवती व्यक्ती’ चालेल का, हेही विचारलं होतं. 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांना 24 आठवड्यांच्या सवलतीत घेतलं, तेव्हाच ‘स्त्री’ या शब्दात गर्भ राहू शकणाऱ्या इतर व्यक्तीही येतात असं स्पष्ट केलं. मराठीत ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगीच आहे, त्यामुळे व्याकरणाचीही काही अडचण नाही. खुशाल लिहा.