शिदोरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, नोकरीमुळे बारा वर्षं बेंगळुरूत आहोत. मुलगी चौदा वर्षांची, आई अडुसष्टची. मुलीला वारी दाखवायची आहे आणि आईला विठोबाचं दर्शन हवंय. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती, म्हणून २०२६ साठी जुलैचा पहिला आठवडा धरला आहे. सहा दिवसांची रजा मिळेल. पंढरपुरात हॉटेल आतापासून बुक करावं का?
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : ताई, आधी रजेचा अर्ज मागे घ्या. २०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला आहे.

आपले सण तिथीवर चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दर वर्षी तेवढे अलीकडे सरकतात. मग अधिक महिना येतो आणि त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. आषाढी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून ती एकदम २५ वर गेली. कुठल्याही सणासाठी प्रवास ठरवताना मागच्या वर्षीची तारीख धरू नका. आधी पंचांग उघडा, तिकीट नंतर काढा.

आता हॉटेलचं. मुलीला वारी दाखवायची असेल तर एकादशीला पंढरपूर नकोच. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत तासन् तास जातात, आणि तुमच्या आईंचं वय पाहता ते मला पटत नाही. कित्येक वारकरी स्वतःच त्या दिवशी गाभाऱ्यापर्यंत जात नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीशी माथा टेकतात, कळस पाहतात आणि परततात. त्यांची वारी पावलेली असते. आईंना चरणदर्शन हवं असेल तर पावसाळा सरल्यावर, एकादशी टाळून, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी घेऊन या. निवांत होईल.

वारी वाटेवर आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडते आणि लोणंदला येते, म्हणजे तुमच्या सातारा जिल्ह्यात. तिथून फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि शेवटी वाखरी. लोकांना दिवे घाटाची हौस फार, पण पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा आहे. न चाललेल्या माणसाचे पाय घाट लागण्याआधीच बोलायला लागतात.

तुम्ही लोणंद ते तरडगाव चाला. आठेक किलोमीटरच आहेत. पालखी दुपारी हलते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि मधून दोन अश्व दौडतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते, त्यावर माउली आहेत असं आपण मानतो. तो घोडा समोरून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. मुलीला रस्त्याच्या कडेला पुढे उभी करा आणि फोन पिशवीत ठेवायला सांगा. तो क्षण दोन श्वासांचा असतो.

हा टप्पा एकादशीच्या नऊ-दहा दिवस आधी येतो, म्हणजे २०२६ मध्ये जुलैच्या मध्याला. लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून आळंदी संस्थानाचं वेळापत्रक जाहीर झाल्यावरच दिवस पक्का करा. पुणे-मिरज मार्गावर लोणंदला स्टेशन आहे, गाडीपेक्षा रेल्वेने या. आईंना मात्र सकाळीच, रस्ता वाहनांना बंद होण्याआधी, तरडगावात नेऊन बसवा.

शक्य तर कुठल्या तरी दिंडीबरोबर चाला. साताऱ्यात ओळखीचं कुणी वारकरी नक्की सापडेल. दिंडीच्या प्रमुखांना आधी विचारा, जेवणाची भिशी, म्हणजे वर्गणी, द्या. चालताना दिंडी मधून ओलांडायची नाही, विणेकऱ्याच्या पुढे जायचं नाही. नव्या चपला नकोत, वापरून मऊ झालेल्याच घाला. छत्रीपेक्षा डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा कागद बरा, टाळ्या वाजवायला हात मोकळे राहतात.

आणि संध्याकाळी तळावरून लगेच निघू नका, समाजआरतीला थांबा. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंच करतात आणि सगळा तळ गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात. मी पहिल्यांदा गेले ती आत्याबरोबर, सोळा वर्षांची असताना. त्या शांततेत कुणा आजींचा सापडलेला चष्मा पुकारला गेला, आणि पार मागून एक बारीक आवाज आला, ‘माझा हाय, माउली.’ आत्याने माझा हात घट्ट धरला होता, ते अजून आठवतं. इतक्या गर्दीत एका म्हातारीच्या चष्म्यासाठी सगळे थांबले होते. तुमच्या मुलीने हे ऐकावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : कोकणातला शिमगा पाहायचा आहे. होळीच्या दिवशी पोचलो तर चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गावावर अवलंबून आहे. बऱ्याच गावांत फाल्गुन शुद्ध पंचमीपासून होळ्या सुरू होतात आणि पुनवेनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. कुठल्या वाडीत कधी जायची हे गावकरी आणि मानकरी ठरवतात. म्हणून आधी गाव निवडा, तिथल्या कुणाला तरी फोन करून पालखी वाडीत कधी येणार ते विचारा आणि त्या दिवसासाठी निघा. चाकरमानी सगळे तेव्हाच गावी जातात, त्यामुळे रेल्वेचं आरक्षण खुलं होईल त्याच दिवशी करा. कुणाच्या अंगणात पालखी नाचताना पाहिलीत तर त्या घरी नारळ द्यायला विसरू नका.