मोरचुदातलं तांबं ३९.८ टक्के का येत नाही

तुझा प्रश्न असा की ५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, हे किती मोल आणि त्यात तांबं किती टक्के, तुझं उत्तर येतंय ३९.८ आणि पुस्तकात दिलंय २५.४५. भागाकार तुझा बरोबर आहे, फक्त पाणी धरायचं राहिलंय.

फॉर्म्युल्याच्या शेवटी टिंब देऊन पाच एचटूओ लिहिलेलं असतं ना, ते टिंब गुणाकाराचं नाही. ते स्फटिकजल, म्हणजे एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू, आणि खडा हाताला कितीही कोरडा लागला तरी वजन करताना ते पाणी काट्यावर येतंच. शाळेच्या लॅबमध्ये सरांसमोर चिमूटभर मोरचूद परीक्षानळीत तापवून बघ, निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते आणि नळीच्या वरच्या गार भागाला आतून बारीक थेंब धरतात, ते हेच पाणी. नळी पूर्ण गार झाली की दोन थेंब पाणी सोड, परत निळं होतं. तू काढलेले ३९.८ टक्के त्या पांढऱ्या भुकटीचे आहेत.

आता अणुभारांचा हिशोब. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४, झाले १५९.५. पाण्याचे अठरा पाचे नव्वद. एकूण २४९.५. मग ६३.५ भागिले २४९.५ गुणिले १००, आले २५.४५.

मोल काढायला वजन भागिले ही एकूण बेरीज, म्हणजे ५ भागिले २४९.५, साधारण ०.०२. तांबं एकच आहे म्हणून तेही ०.०२ मोल, म्हणजे १.२७ ग्रॅम. पण पाणी ०.१ मोल, कारण ते पाचपट, इथे खूप मुलं ०.०२ च लिहून मार्क घालवतात. ऑक्सिजनचे अणू विचारले तर चार नाही, नऊ धरायचे, पाण्यातलेही आलेच की.

आणि हे नुसतं पेपरापुरतं नाहीये बरं का. द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करतात, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, तर त्या किलोत तांबं असतं जेमतेम २५४ ग्रॅम. तुझ्या आकड्याने ३९८ धरलं असतं, म्हणजे दीडपटीहून जास्त.

आता धुण्याचा सोडा स्वतः कर, सोडियम कार्बोनेट आणि पाण्याचे दहा रेणू, पाणी ६२.९ टक्के यायला पाहिजे. नाही आलं तर सगळ्या पायऱ्या टाक, बघू कुठे अडतंय ते.