आईची अर्धी राहिलेली गोधडी आधी पूर्ण करावी की घर आवरावं?

तुम्ही लिहिलंय की आईवडिलांचं जुनं घर विकायचं ठरलंय, दोन महिन्यांत ते रिकामं करून द्यायचंय, कपाटं कपड्यांनी भरलेली आहेत आणि त्यातच आईने अर्ध्यात सोडलेली एक गोधडी सापडलीय. ती घर सोडायच्या आत पूर्ण करावी का, शेवटचे वेडेवाकडे टाके उसवून नीट घालावेत का आणि बाकीच्या कपड्यांचं काय करावं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

उसवू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी, कारण मी उसवलं होतं.

आमचं घर ३८ वर्षांचं. आई गेल्यावर बाबा तिथे एकटे राहिले, मग जिना चढवेना तेव्हा त्यांनीच घर काढायचं ठरवलं. आईची शेवटची गोधडी माझ्या भाचीसाठी चालली होती. पहिल्या कोपऱ्यात तिचे टाके इंचाला सात-आठ, धावदोरा असा सरळ की जणू पट्टी लावून घातलाय. मधल्या पट्ट्यात तेच टाके इंचाला चारावर आले होते आणि ओळ खाली घसरत गेली होती. मला वाटलं, हे तिच्या हाताला शोभत नाही. एका दुपारी बसून वीतभर पट्टा उसवला आणि माझे सारखे टाके घातले.

संध्याकाळी बाबांनी गोधडी मांडीवर घेतली आणि काठापासून अंगठा फिरवत आले. "इथवर जुना चष्मा," म्हणाले. अंगठा माझ्या टाक्यांवरून गेला, थांबला, पुढे सरकला. "आणि हे ऑपरेशननंतरचं." मोतीबिंदू काढल्यानंतरचे तिचे टाके पुन्हा बारीक झाले होते. चार बोटं रुंदीचा तो भाग मी कधी नीट पाहिलाच नव्हता. चष्मा आणि ऑपरेशन यांच्या मधला काळ, तिला दिसत नसतानाही ती शिवत होती तो, मी दुपारभरात काढून टाकला होता. पहिल्या धुण्यात सुईची भोकंही बुजली.

म्हणून तुमच्या आईचे टाके जिथे थांबलेत तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका खुणेसाठी घाला आणि पुढे तुमचा हात चालू द्या. तिच्यासारखं शिवायचा प्रयत्न करू नका. दोन हात दोन दिसले तर बरंच. तिचा दोरा कुठे तुटला असेल किंवा थर सरकत असतील, तर जुना टाका न काढता त्याच्या शेजारून दुसरी ओळ घाला. तेवढ्याने कापड धरून राहतं.

आता क्रम. घर आधी, गोधडी नंतर. घराचा ताबा द्यायच्या तारखेशी गोधडीची गाठ घालू नका. घाईत माणूस मशीन काढतो, टीप मारतो आणि ज्या कापडाला अजून महिनाभर नुसतं हातात धरून बसायला हवं होतं त्यावर कात्री चालवतो. कापलेलं परत जुळत नाही. कापण्याआधी प्रत्येक कपड्याचा अख्खा फोटो काढा, घडी घालून नाही, पसरून.

पण कापड निवडायचं काम मात्र त्याच घरात बसून करा, आणि एकटीने किंवा एकट्याने करू नका. कुठला पडदा कुठल्या खिडकीचा, कुठली चादर कोणाच्या आजारपणातली, हे त्या भिंतींमध्ये बसल्यावर आठवतं, इतर कुठे नाही. आम्ही बाबा, भाऊ, वहिनी आणि मी, चौघांनी प्रत्येकी पाच कापडं निवडायची आणि का ते सांगायचं असं ठरवलं. माझा भावावर राग होता. घर विकायची सगळ्यात घाई त्यालाच झालीय असं मला वाटत होतं, आणि आमचं धड बोलणंही होत नव्हतं. त्याने पहिलं काय उचललं तर इस्त्रीच्या टेबलावरची जुनी चादर. तिच्यावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी जळका डाग होता. पहिल्या मुलाखतीच्या सकाळी त्याच्या हातून शर्टही जळला आणि चादरही. आईने एक शब्द न बोलता बाबांचा शर्ट काढला, इस्त्री केला, बाह्या आत दुमडून टाचल्या आणि त्याला पाठवलं. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तो सांगत होता आणि ती चादर घट्ट धरून बसला होता. त्यानंतर घराच्या कागदपत्रांवरून आमचं भांडण झालं नाही असं नाही, पण मी त्याला मनातल्या मनात दोषी धरणं थांबवलं.

तो डागाचा तुकडा गोधडीत आहे. जळलेलं कापड ठिसूळ असतं, म्हणून त्याला मागून मांजरपाटाचा तुकडा लावला आणि डागाभोवती दाट टाके घातले.

यावरून कापड तपासायचं सांगते. कापड उजेडासमोर धरा. जिथून जास्त उजेड येतो तिथे ते विरलंय. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकेच ताणा, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या. कुरकुर आवाज आला किंवा धागा सुटला तर ते एकट्याने गोधडीत टिकणार नाही, त्याला अस्तर हवं. बनियन, टी-शर्ट अशा ताणल्या जाणाऱ्या कापडाला इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग आधी लावा, नाहीतर शिवण लाटांसारखी होते. खूप जुन्या रेशमाबद्दल सावध राहा. पूर्वी रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार चढवत, आणि असं रेशीम घडीवर आपोआप तडकतं. जुन्या गोधड्यांमध्ये तपकिरी आणि काळे तुकडे बऱ्याचदा सगळ्यात आधी झडलेले दिसतात, त्याचं कारण त्या रंगात वापरलेलं लोह. तसलं काही असेल तर ते गोधडीत घालू नका, सपाट ठेवून जपा.

सगळं कापड शिवायच्या आधी धुवा. सुती कापड कमीजास्त आटतं, आणि एक आटलेला नि एक न आटलेला तुकडा शेजारी आले की पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. लाल, गडद निळा, काळा हे रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धूत राहा, तरी थांबलं नाही तर सोडून द्या.

धुतल्यावर वास जातो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते: एक कापड न धुता ठेवा. मी आईचा एक रुमाल झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवलाय आणि फार क्वचित उघडते. बाकीचं मात्र धुवाच, घामाच्या नि तेलाच्या डागांवर किडे येतात.

पडद्यांचं वेगळं सांगायला हवं. आमच्या पुढच्या खोलीचे पडदे मला कायम फिक्या राखाडी रंगाचे आठवतात. मी ते टाकायच्या ढिगात घातले होते. वहिनी म्हणाली, निदान खालची दुमड तरी उसवून बघ, कापड दोन बोटं जास्त मिळेल. दुमड उसवली तर आत मोरपिशी रंग. गडद, नव्या कापडासारखा, जिथे इतक्या वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "हो, हाच रंग. आपण राहायला आलो तेव्हाचा." मी त्या घरात वाढले आणि तो रंग मी पहिल्यांदा पाहत होते. आम्ही पट्ट्या अशा कापल्या की राखाडी आणि मोरपिशी दोन्ही त्याच तुकड्यात राहतील, मधे दुमडीची रेघ दिसेल. तुमच्याकडचे पडदे, उशांचे अभ्रे, शर्टांच्या कॉलरी, खिसे, सगळ्यांच्या दुमडी उसवून बघा.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि मग जगाला माहीत झाल्या. त्यातल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत खिसा उसवलेल्या जागी गडद चौकोन तसाच ठेवलेला दिसतो. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, मुलीला मदतीला घेऊन. पडदा उसवला त्या दिवशी मला त्या दोघींची आठवण झाली. त्यांनी फिकं, विरलेलं, ठिगळाचं काहीच लपवलं नाही.

शिवण्याबद्दल थोडक्यात. तुकडे जोडताना पाव इंच शिवण सोडा. थर तीन पुरेत, फार तर चार; त्यापुढे सुई जात नाही आणि बोटं दुखतात. थर पसरून मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घाला म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. दोरा सुतीच घ्या. जुन्या कापडापेक्षा दोरा मजबूत झाला की ताण पडल्यावर दोरा नाही, कापड फाटतं. आणि एका वेळी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एवढाच दोरा घ्या, लांब दोरा गुंततो आणि नेढ्यापाशी झिजतो.

तुम्ही पहिल्यांदाच शिवणार असाल आणि तुकडे मोजून कापायची भीती वाटत असेल, तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती रीत बघा. त्या काठापासून सुरू करून आत मध्याकडे येतात. तुकड्याची कड बोटाने दुमडायची, खालच्या कापडावर ठेवायची आणि धावदोऱ्याने पुढे जायचं, पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवायचा. जोडणं आणि गोधडणं एकाच वेळी होतं. मापं लागत नाहीत, मशीन लागत नाही.

आता उरलेल्या कपड्यांचं. इथे मी कठोर वाटेन. निवडलेली कापडं एका पिशवीत मावली पाहिजेत, बाकी सगळं जाऊ द्या. धडके कपडे कोणी घालेल तिथे द्या, फाटके पुसायला. मी "कधीतरी आणखी एक गोधडी होईल" म्हणून दोन गाठोडी माझ्या घरी आणली. ती वर्षभर पलंगाखाली होती. केर काढताना हाताला लागली की मी पुन्हा त्या कपाटासमोर उभी असायचे, पुन्हा तोच निर्णय, रोज. घर विकून झालं होतं आणि मी ते पलंगाखाली घेऊन झोपत होते. शेवटी वहिनीला बोलावलं, दोघींनी एका सकाळी गाठोडी सोडली, तिने दोन तुकडे काढले, मी एक, आणि बाकीचं त्याच दिवशी देऊन टाकलं. तुम्ही हे वर्ष वाया घालवू नका.

तयार गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होते. लाकडी फळीवर थेट ठेवली तर लाकडातल्या आम्लाने पिवळे डाग पडतात. जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. पण मला विचाराल तर ठेवूच नका, वापरा. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात कोणी शिवली, कधी, कुठल्या घरातल्या कापडाची, एवढं दोऱ्याने लिहून ठेवा.

एक राहिलं. आईला नेढं दिसेनासं झालं तेव्हापासून बाबा रोज उजेड असेपर्यंत दहा सुया ओवून सुया खोचायच्या उशीवर रांगेने लावून ठेवायचे. ती गेली तेव्हा उशीवर सात सुया ओवलेल्या होत्या. घर सोडताना मी ती उशी डब्यात घालून आणली, दोरे तसेच लोंबत होते. माझ्या घरी बसले तेव्हा त्याच सात सुयांनी सुरुवात केली. एका दुपारीच संपल्या. माझ्या मनात होतं, एखादी राखून ठेवावी, पण बाबा शेजारी बसले होते, त्यांनी रिकामी सुई माझ्या हातातून घेतली, चष्मा वर-खाली केला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा गेला. मग त्यांनी पुढच्या दहा ओवल्या आणि रांगेने लावल्या.

गोधडी पूर्ण व्हायला पाच महिने लागले. भाची ती रोज पांघरते, दोनदा धुऊन झालीय. एका कोपऱ्यातला काठ उसवलाय, तो या रविवारी बसवायचाय.