नोकरी-घराच्या धावपळीत कुतूहल जागं कसं ठेवायचं?

रोज एकच प्रश्न वहीत लिहा आणि मोबाईलवर शोधायच्या आधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवा, खरंच एवढं पुरतं. अंदाज चुकला की खरं उत्तर डोक्यात पक्कं बसतं, नुसतं वाचलेलं संध्याकाळपर्यंत विसरायला होतं, हे मी वडोदऱ्यात शिकवणीच्या मुलांबरोबर नेहमी बघते. प्रश्न मोठा नको, जाण्यायेण्यातलाच घ्या. उदाहरणार्थ, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली, तिथे पुस्तकांच्या मजल्यांना काचेची फरशी का? एका मुलाने लिहिलं "शोभेसाठी", पण वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून ती तशी आहे, आणि हे कळल्याबरोबर त्याने विचारलं की मग तेव्हा दिवे नव्हते का, त्यातून वीज बडोद्यात कधी आली, त्याआधी रात्री वाचायचे कसे, असं आठवडाभर चाललं, आणि हा दुसरा प्रश्न आपणहून येतो ना, तोच महत्त्वाचा. फक्त औषधं, गॅस, वायरिंग असल्या गोष्टींत अंदाज लावत बसू नका, तिथे सरळ जाणकाराला विचारा.