लोणार सरोवराचं पाणी २०२० मध्ये गुलाबी का झालं होतं?

मिठामुळे नाही, मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तेव्हा लोणारच्या पाण्याचे नमुने आपल्या पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले आणि त्यांत हॅलोआर्किया नावाचे असेच खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले की बाकीचे जीव हात टेकतात, हे मात्र फोफावतात. कडक उन्हापासून बचाव म्हणून ते गाजरातल्यासारखं कॅरोटिनॉइड रंगद्रव्य तयार करतात. तोच हा गुलाबी रंग. मला सगळ्यात भावलं ते हे: नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला आणि वर नितळ पाणी उरलं! म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. परदेशातल्या काही गुलाबी सरोवरांत ड्युनालिएला नावाचं शेवाळही यात सामील असतं. पावसाने खारटपणा उतरला की रंगही ओसरतो.